पाटी ते पडदा : प्राथमिक शाळेतील टॅबलेट-ॲपची चिकित्सा (दिवेआगर परिसराच्या विशेष संदर्भात)

प्रास्ताविक

श्रीवर्धन तालुक्यातील दिवेआगर हे गाव पर्यटकांना सुवर्णगणेशामुळे व लांबरुंद किनाऱ्यामुळे परिचित आहे. मराठीच्या अभ्यासकाला ते शके ९८२ (इ. स. १०६०) च्या ताम्रपटामुळे माहीत असते, कारण मराठी लेखनाच्या आरंभीच्या पुराव्यांत त्या ताम्रपटाची गणना होते. ज्या गावी मराठी अक्षर तांब्यावर उमटले, त्याच गावाच्या परिसरातील पहिलीचे मूल आज काचेवर बोट फिरवून 'अ' गिरवते. हा योगायोग नोंदवून येथेच सोडतो, कारण प्रस्तुत लेखाचा हेतू चिकित्सेचा आहे, गौरवाचा नव्हे.

ग्रंथाची, नाटकाची, चित्रपटाची समीक्षा करण्याची परंपरा आपल्याकडे आहे. पाठ्यपुस्तकांचीही समीक्षा अधूनमधून होते. परंतु ज्या ॲपच्या स्वाधीन आपण सहा-सात वर्षांचे मूल रोज अर्धा तास करतो, त्याची भाषा, त्यातील चित्रे, त्याचा उच्चार, चुकीकडे पाहण्याची त्याची दृष्टी यांची चिकित्सा मराठीत जवळजवळ झालेली नाही. ॲपची चर्चा होते ती 'उपलब्ध झाले', 'वाटप झाले', 'उद्घाटन झाले' या क्रियापदांतून. ॲप ही एक संहिता आहे, तिला लेखक आहे, तिच्या मनात एक विशिष्ट वाचक आहे, आणि तो वाचक कोण हे तपासणे समीक्षेचेच काम आहे, अशी प्रस्तुत लेखकाची भूमिका आहे. येथे इयत्ता पहिली ते चौथीसाठीच्या मराठी वाचन व गणिताच्या ॲपचाच विचार केला आहे. आधार आहे तो परिसरातील काही शाळाभेटींचा आणि प्रकाशित अभ्यासांचा.

रायगड जिल्ह्यातील पूर्वसूरी

टॅबलेटची कथा आपल्याकडे अलीकडची मानली जाते. प्रत्यक्षात तिचा एक महत्त्वाचा अध्याय याच जिल्ह्यात २००७ मध्ये लिहिला गेला. अमेरिकेतील एमआयटी मीडिया लॅबचे निकोलस नेग्रोपॉन्टी यांनी २००५ मध्ये 'प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप' ही कल्पना मांडली होती. भारताच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाने २००६ मध्ये ती नाकारली, आणि नाकारताना तिच्या शैक्षणिक उपयुक्ततेविषयीच शंका व्यक्त केली. तरीही भारतातील तिचा पहिला प्रायोगिक प्रकल्प सुरू झाला तो रायगड जिल्ह्यातील खैराट या लहानशा वस्तीच्या एकशिक्षकी प्राथमिक शाळेत. शाळेचा पट वीस-बावीस मुलांचा. मुलांच्या हाती आलेले हिरवे-पांढरे यंत्र पडदा फिरवून मिटले की पुस्तकासारखे धरता येत असे, म्हणून आजच्या टॅबलेटचे ते एका अर्थाने पूर्वरूपच होय.

खैराटचा प्रयोग राज्यभर पसरला नाही. तथापि त्या यंत्राची एक गोष्ट आज मुद्दाम आठवण्यासारखी आहे. त्यात मुलासाठी जी साधने होती त्यांपैकी बरीच 'करण्याची' होती. लिहिणे, चित्र काढणे, छायाचित्र घेणे, आवाज नोंदविणे, कासवाला आज्ञा देऊन आकृती काढणे ही ती साधने. यामागे सीमोर पेपर्ट यांचा विचार होता. संगणकाने मुलाला वळण लावण्याऐवजी मुलाने संगणकाला आज्ञा द्यावी, हा त्यांच्या १९८० च्या 'माइंडस्टॉर्म्स' या ग्रंथाचा गाभा आहे. आजची बहुसंख्य ॲप नेमकी उलट्या दिशेने उभी आहेत. त्यांत आज्ञा ॲप देते व मूल ती पाळते.

अर्थात पेपर्ट-नेग्रोपॉन्टी यांचा आशावादही पुराव्यावर पूर्णपणे टिकला नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पेरू देशाच्या ग्रामीण भागातील ३१९ शाळांचा २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास असे दर्शवितो की, यंत्रे मुलांच्या हाती पोहोचली, वापरलीही गेली, परंतु भाषा व गणित यांच्या संपादणुकीत त्यामुळे वाढ झाली नाही. यंत्र देणे आणि शिकविणे या दोन भिन्न क्रिया आहेत, एवढे यावरून निश्चित होते.

महाराष्ट्रात पुढील लाट आली ती शाळाशाळांतील शिक्षकांकडून. शहापूर तालुक्यातील पष्टेपाड्याच्या जिल्हा परिषद शाळेत संदीप गुंड या शिक्षकांनी आदिवासी मुलांच्या हाती टॅबलेट दिले आणि राज्यभरचे शिक्षक ती शाळा पाहण्यास जाऊ लागले. २२ जून २०१५ च्या शासन निर्णयाने 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' हा कार्यक्रम आला. त्यानंतर लोकवर्गणीतून शाळा 'डिजिटल' करण्याची चुरस लागली. ५ सप्टेंबर २०१७ रोजी 'दीक्षा' हा राष्ट्रीय मंच सुरू झाला व पाठ्यपुस्तकांच्या पानोपानी क्यूआर संकेत आले. या संकेतांचा प्राथमिक वर्गात वापर करून दाखविणारे सोलापूर जिल्ह्यातील रणजितसिंह डिसले यांना २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. या साऱ्या उपक्रमांत एक समान धागा दिसतो. जेथे यश दिसले तेथे कल्पक शिक्षक आधीपासून होता. पुढे अनुकरण झाले ते मात्र टॅबलेटचे.

'ह्यो माझा ऐकतच नाय'

आता प्रत्यक्ष ॲपकडे वळू. प्रस्तुत लेखकाने परिसरातील एका शाळेत पाहिलेला प्रसंग येथे काहीसा विस्ताराने देणे आवश्यक आहे.

दुसरीतील एक मुलगा एका वाचन-ॲपवर गोष्ट वाचत होता. या प्रकारच्या ॲपमध्ये मूल मोठ्याने वाचते, यंत्र ऐकते, शब्द बरोबर वाटला तर तो रंगतो आणि तारा मिळतो. वाक्यात 'डोळे' हा शब्द होता. मुलाने 'डोले' असे वाचले. शब्द रंगला नाही. त्याने पुन्हा वाचले, मग आणखी मोठ्याने वाचले. यंत्राने गोड आवाजात तोच शब्द उच्चारून दाखविला. मुलाने मान डोलावली आणि आपल्या परीने तोच शब्द पुन्हा म्हटला, 'डोले'. पाचव्या खेपेस तो वर्गशिक्षिकेकडे वळून म्हणाला, "मॅडम, ह्यो माझा ऐकतच नाय."

आगरी व कोळी बोलींत प्रमाण मराठीतील 'ळ' च्या जागी 'ल' आणि 'ण' च्या जागी 'न' येतो, 'ड' च्या जागी अनेकदा 'र' येतो. 'पाणी' चे 'पानी' होते, 'घोडा' चा 'घोरा' होतो. हे अशुद्ध उच्चारण नव्हे. ती त्या बोलींची नियमबद्ध व्यवस्था आहे, आणि भाषाविज्ञानाच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही हे ठाऊक असते. मुलाने अक्षर ओळखले होते, शब्द ओळखला होता, अर्थही त्याला कळला होता. कारण विचारताच त्याने बोट स्वतःच्या डोळ्यावर ठेवले. वाचन या क्रियेत आणखी काय अपेक्षित असते? शिक्षिकेने 'बरोबर वाचलंस' असे म्हणून त्याला पुढच्या ओळीवर नेले असते. यंत्र त्याला पुढे जाऊ देईना. वाचनाची परीक्षा घेण्यासाठी ठेवलेले यंत्र त्याच्या बोलीची परीक्षा घेत होते, आणि तीत त्याला नापास करीत होते.

पुढील भेटीत त्याने उपाय शोधून काढलेला दिसला. ओळ आली की तो टॅबलेट शेजारच्या मुलीच्या तोंडासमोर धरी, तिच्या प्रमाण उच्चारावर शब्द भराभर रंगत, आणि तारे मात्र त्याच्या नावावर जमा होत. मुलीला त्याबद्दल बोरे मिळत असत, असे मागाहून कळले! ॲपच्या नोंदीत त्याची प्रगती उत्तम होती. त्या नोंदीचा अहवाल वर जाणार होता.

या प्रसंगात हसण्यासारखे थोडे आहे आणि चिंता करण्यासारखे बरेच आहे. पहिल्या भेटीत मुलाने शिकलेला धडा असा की, आपण घरी बोलतो ते यंत्राला ऐकू येत नाही. दुसऱ्या भेटीपर्यंत त्याने आणखी एक धडा घेतला होता. आपल्या जागी दुसऱ्याने बोलले की काम होते. हे दोन्ही धडे पाठ्यक्रमात नाहीत. शाळेत बोलीला हीन लेखण्याचा दोष यंत्राने निर्माण केला असे मात्र म्हणता येणार नाही. छडी घेऊन 'ळ' म्हणवून घेणारे मास्तर आमच्या आधीच्या पिढीने पाहिले आहेत. परंतु मास्तरांशी बोलता येत असे, एखादे मास्तर बदलूनही जात. यंत्राच्या निर्णयावर दाद मागण्यास वर्गात जागाच नाही.

लिपी आणि उच्चार

बोलीचा प्रश्न क्षणभर बाजूस ठेवला, तरी प्रमाण मराठीच्या बाबतीतही अनेक ॲप निर्दोष नाहीत. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठी वर्णमाला व लिपी निश्चित केली. त्यानुसार 'ल' पाकळीयुक्त आणि 'श' मराठी वळणाचा लिहावयाचा आहे. बालभारतीच्या पुस्तकात मूल हीच रूपे पाहते. टॅबलेटवर मात्र पुष्कळदा हिंदी वळणाचे 'ल' व 'श' समोर येतात. याचे कारण तांत्रिक आहे. देवनागरी टंकांत अनेकदा दोन्ही रूपे असतात, परंतु मजकूर मराठी आहे अशी खूण ॲप तयार करणाऱ्याने न दिल्यास हिंदी रूप आपोआप उमटते. एका ओळीची ती खूण. ती दिली जात नाही, कारण तयार करणाऱ्याच्या मनात मराठी म्हणजे हिंदीच्या साच्यात ओतलेला दुसरा मजकूर असतो. प्रौढ वाचकाला हा भेद जाणवतही नाही. ज्याला अक्षराचा आकारच शिकावयाचा आहे, त्या मुलाला मात्र एका 'ल' ची दोन अक्षरे होतात, आणि पडद्यावर गिरविलेले वहीत उतरविल्यावर ते चूक ठरण्याचा संभव असतो.

उच्चाराचे असेच आहे. मराठीत 'च', 'ज', 'झ' यांचे तालव्य व दंततालव्य असे दोन उच्चार आहेत व लिपीत ते वेगळे दाखविले जात नाहीत. 'चिमणी' तील 'च' आणि 'चाक' मधील 'च' एक नव्हे. 'जग' म्हणजे विश्व आणि 'जग' म्हणजे जिवंत राहा, हे उच्चारानेच कळते. काही ॲपमधील यंत्रवाणी सरसकट तालव्य उच्चार करते, त्यामुळे 'चाक' ऐकताना कानाला खडा लागतो. मुलाचे 'डोले' न स्वीकारणाऱ्या यंत्रसृष्टीत यंत्राचे हे 'चाक' मात्र बिनबोभाट खपते.

अक्षरओळखीच्या क्रमाविषयीही बोलले पाहिजे. बहुतेक ॲप 'क, ख, ग' या वर्णमालेच्या क्रमाने जातात आणि प्रत्येक अक्षरास एक चित्र चिकटवतात. फलटण येथे मॅक्सिन बर्नसन यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक वर्षांच्या कामातून दाखवून दिले की, अक्षरांचे छोटे गट निवडून त्यांतून लगेच अर्थपूर्ण शब्द व वाक्ये करता आली, तर मूल लवकर वाचते. हे काम मराठीत झाले, महाराष्ट्रात झाले, तरी ॲप तयार करणाऱ्यांपर्यंत ते पोहोचलेले दिसत नाही. अंकलिपीची जुनी पाने तेवढी हलती-बोलती झाली आहेत.

सुपारी, शिंपले आणि सफरचंद

गणिताच्या ॲपमध्ये मोजावयाच्या वस्तू म्हणजे सफरचंदे, फुगे, आइस्क्रीम आणि आगगाडीचे डबे. दिवेआगरच्या मुलाने फुगा पाहिलेला नसतो असे नाही. पण त्याच्या घराच्या खळ्यात वाळत घातलेल्या सुपारीचे ढीग असतात, वाडीतले नारळ उतरवून मोजले जातात, किनाऱ्यावर शिंपल्यांना तोटा नाही. श्रीवर्धनी रोठा या नावाने येथील सुपारी प्रसिद्ध आहे. ती सोलणे, निवडणे, मोजणे या कामांत मुलाचा हात लागलेलाच असतो.

येथे ताराबाई मोडक यांचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. १९४५ मध्ये बोर्डी येथे आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी व अनुताई वाघ यांनी मॉन्टेसरी पद्धतीला भारतीय, ग्रामीण व आदिवासी रूप दिले. महागडी परदेशी साधने परवडणारी नव्हती, म्हणून बिया, शिंपले, पाने, खडे यांतून साधने घडली. ही केवळ काटकसर नव्हती. मुलाच्या जगातील वस्तू शाळेत आली की, मुलाचे जगही शाळेत येते, ही दृष्टी त्यामागे होती. मॉन्टेसरीचे मूळ तत्त्वही हाताने वस्तू हाताळण्याचे आहे. पडद्यावर बोटाने ओढलेल्या पाच सफरचंदांना वजन नसते, ती घरंगळत नाहीत, त्यांतले एक किडके निघत नाही. मोजण्याच्या क्रियेत जो अडथळा असतो, तोच बहुधा शिकवितो.

ताराबाईंच्या साधनांत आणखी एक गुण होता. चूक झाली तर साधनच ती दाखवीत असे, त्यासाठी 'अरेरे' म्हणणारा आवाज नसे. उलट आजच्या ॲपमध्ये प्रत्येक कृतीनंतर टाळ्या, तारे, नाणी यांची आतषबाजी होते. वर्गात एकाच वेळी सहा टॅबलेटमधून 'शाब्बास!' ऐकणे हा एक अनुभव आहे. प्रस्तुत लेखक त्याचे वर्णन टाळतो. तीन पर्यायांतून एक निवडण्याच्या प्रश्नात मुले उत्तर शोधण्याऐवजी तिन्ही पर्याय भराभर दाबतात, आणि त्यात गैर काही नाही, कारण यंत्र शेवटी टाळ्याच वाजविते. मूल गुंतले आहे हे निरीक्षण अहवालात 'मूल शिकते आहे' असे लिहिले जाते, तेव्हा मूल्यमापनाची गफलत होते.

दुसरी बाजू

वरील विवेचनावरून टॅबलेट वर्गाबाहेर फेकावेत असा निष्कर्ष काढणे उतावीळपणाचे ठरेल. पहिली ते चौथी एकाच खोलीत आणि शिक्षक एक किंवा दोन, ही कोकणातील लहान वस्त्यांच्या शाळांची वस्तुस्थिती आहे. शिक्षिका पहिलीला वाचन शिकवीत असताना तिसरी-चौथीच्या मुलांना अर्धा तास अर्थपूर्ण सराव मिळणे, ही त्या खोलीत मोठीच गोष्ट असते. ज्यांनी अशी खोली सांभाळलेली नाही, त्यांनी तिला तंत्रज्ञानाच्या धोक्यांवर व्याख्यान देऊ नये. विद्यापीठीय मंडळी, प्रस्तुत लेखकासह, ते वारंवार देतात.

संशोधनही एकसुरी नाही. वडोदरा येथे 'प्रथम' संस्थेच्या सहकार्याने चौथीच्या मुलांसाठी झालेल्या प्रयोगात एका संगणकावर दोन मुले बसत व आठवड्याला दोन तास गणिताचे खेळ खेळत. त्यांच्या गणितात लक्षणीय वाढ झाल्याचे अभिजित बॅनर्जी व सहकाऱ्यांच्या २००७ च्या निबंधात नमूद आहे. मात्र प्रयोग थांबल्यावर तो लाभ बराच ओसरला. गुजरातमध्येच ली लिंडन यांनी केलेला अभ्यास अधिक बोलका आहे. तोच संगणकीय कार्यक्रम नेहमीच्या अध्यापनाच्या जागी वापरला तेव्हा मुले मागे पडली आणि शाळेव्यतिरिक्तच्या वेळेत पूरक म्हणून वापरला तेव्हा मुलांना, विशेषतः मागे असलेल्या मुलांना, लाभ झाला. दिल्लीत ६१९ विद्यार्थ्यांवर झालेल्या व २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मुलाची प्रत्यक्ष पातळी ओळखून त्यानुसार प्रश्न देणाऱ्या संगणकीय कार्यक्रमाने साडेचार महिन्यांत गणित व हिंदी या दोन्ही विषयांत चांगली प्रगती घडविली. ती मुले मात्र वरच्या प्राथमिक व माध्यमिक वर्गांतील होती आणि कार्यक्रमाला शिकवणी केंद्राची जोड होती, हे आपल्याकडील जाहिरातींत सांगितले जात नाही. लिंडन यांच्या अभ्यासातून पुढे येणारा 'जागी' की 'जोडीला' हा भेदच प्राथमिक शाळेने धोरण म्हणून लक्षात घ्यावयास हवा. युनेस्कोच्या २०२३ च्या जागतिक अहवालानेही शिक्षणातील तंत्रज्ञान नेमके कोणाच्या अटींवर, असाच प्रश्न विचारला आहे.

३ जून २०२०

दिवेआगर परिसराला या प्रश्नाचे एक उत्तर निसर्गानेच दिले; चक्रीवादळाचे नावही योगायोगाने तेच होते. टाळेबंदीमुळे शाळा बंद होत्या. एप्रिलपासून राज्यात 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' या उपक्रमाखाली 'दीक्षा' वरील अभ्यास रोज मोबाइलवर येत होता. ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. श्रीवर्धन तालुक्यात नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या, घरांची कौले-पत्रे उडाली, विजेचे खांब कोसळले. वीज आणि मोबाइलची रेंज अनेक गावांत कित्येक दिवस नव्हती. केंद्र सरकारच्या 'प्रज्ञाता' मार्गदर्शक सूचना त्याच वर्षी जुलैत आल्या. पहिली ते आठवीसाठी दिवसाला तीस ते पंचेचाळीस मिनिटांची दोनच सत्रे असावीत असे त्यांत म्हटले होते. मुलांच्या डोळ्यांची ती काळजी योग्यच होती. येथील मुले त्या पावसाळ्यात पडलेल्या पोफळी ओढीत होती.

नंतर रेंज आली, वाड्या नव्याने लावल्या गेल्या, पर्यटकही परतले. घराघरांत स्मार्टफोन आहे, पण तो घरचा धंदा चालविणारा फोन आहे. खोल्यांची विचारणा, जेवणाची मागणी, पैसे भरल्याचे संदेश त्यावरच येतात. शनिवार-रविवारी तो मुलाच्या हाती पडत नाही. आणि सुट्टीच्या दिवसांचा गृहपाठ ॲपवर दिला जातो तो नेमका शनिवारी. शाळेतील टॅबलेटच्या खाऱ्या हवेने गंजलेल्या चार्जिंगच्या जागा, संपलेल्या बॅटऱ्या, अद्ययावत होण्यास नकार देणारी ॲप यांची यादी करण्यात अर्थ नाही. देणगीदाराच्या फलकावर दुरुस्तीची तरतूद नसते, एवढे म्हणणे पुरे.

त्याच शाळेतील शेवटच्या भेटीत प्रस्तुत लेखकास एक वेगळा तास पाहावयास मिळाला. इंटरनेट बंद होते, वाचन-ॲप उघडेना. शिक्षिकेने टॅबलेटमधला साधा आवाज-नोंदीचा भाग उघडला आणि मुलांना घरी आजीकडून माशांची नावे विचारून आणावयास सांगितले होते ती बोलावयास लावली. 'डोले' म्हणणारा मुलगा सर्वांत पुढे होता. त्याने आठ-दहा नावे सांगितली, कोणता मासा कोणत्या महिन्यात मिळतो तेही सांगितले, आणि मग स्वतःचा आवाज तीनदा ऐकला. शिक्षिकेने त्याची वाक्ये फळ्यावर लिहिली. एका वाक्यात माशाच्या डोळ्यांचा उल्लेख होता. तिने 'डोळे' असे लिहिले. मुलाने ते बोट ठेवून 'डोले' असे वाचले, आणि पुढच्या शब्दाकडे गेला.